कराच्या वांटणींत गांवाचा वांटा

सरकारांत भरलेला पैसा पुढें कोठें जातो, याची चौकशी शेतकऱ्यानें करूं नये अशी कांहींची समजूत दिसते. आम्हांस ती मान्य नाहीं. शेतसाऱ्याची पावती जपून ठेवणारा खातेदार डिझेल, खत, कापड यांच्या किंमतींतूनहि कर देतच असतो. त्याची पावती मात्र त्यास मिळत नाहीं.

मोठे कर वसूल करण्याची सोय मध्यवर्ती सरकारास अधिक. पण रस्ते, शाळा, दवाखाने, पाटबंधारे यांच्या खर्चाचा मोठा भाग राज्यांच्या व गांवांच्या माथीं. ही तफावत भरून काढण्यासाठीं राज्यघटनेच्या २८० व्या कलमान्वयें वित्त आयोग नेमला जातो. पंधराव्या आयोगानें २०२१ ते २०२६ या मुदतीकरितां वांटणीयोग्य करांपैकीं शेंकडा ४१ भाग राज्यांना ठरविला. त्यांत महाराष्ट्राचा हिस्सा शेंकडा ६.३१७. ज्या राज्याचें दरडोई उत्पन्न कमी त्यास अधिक, हें त्यांतील मुख्य तत्त्व न्याय्यच आहे.

परंतु 'वांटणीयोग्य' या शब्दांतच खरी मेख आहे. उपकर व अधिभार या राशींत धरले जात नाहींत. फेब्रुवारी २०२१ मध्यें डिझेलवर लिटरमागें ४ रुपये शेती-सुविधा उपकर बसला. त्याच वेळीं मूळ उत्पादनशुल्क ४.८३ रुपयांवरून १.८० रुपयांवर आणलें गेलें व दुसरें एक शुल्कहि घटविलें. ट्रॅक्टरवाल्यावरील बोजा वाढला नाहीं. राज्यांशीं वांटून घ्यावयाची रक्कम मात्र घटली. उपकराचा हेतु शेतीच्या सोयी वाढविण्याचा, म्हणजे उत्तमच. तथापि हेतु चांगला म्हणून हिशेब विसरणें शहाणपणाचें नव्हे.

आतां गांवाचें पाहूं. याच आयोगानें ग्रामीण संस्थांस दिलेल्या अनुदानापैकीं शेंकडा ६० पिण्याचें पाणी व स्वच्छता यांस बांधून दिलें होतें. उरलेले ४० पगार वगळून स्थानिक गरजेप्रमाणें खर्चावयाचे होते. शिवाय रीतसर निवडलेली संस्था असावी, ही अट होती. महाराष्ट्रांत २०२२ सालीं मुदत संपलेल्या अनेक जिल्हा परिषदांवर प्रशासक आले. निवडणुका रखडल्या म्हणजे पैशाचीहि वाट अडते, हें यांतून ध्यानीं घ्यावें.

पाटाच्या शेपटाच्या शेतास पाणी कां पोंचत नाहीं, हें आमच्या बंधूंस सांगावयास नको. वर कोणी दार अडविलें कीं काय, हें पाहण्यास तो स्वतः पाटानें चालत जातो. पैशाच्या पाटाचीहि तशीच राखण हवी. यास्तव ग्रामसभा चुकवूं नये. बांधलेल्या पैशाचें कोणतें काम झालें व मोकळ्या पैशाचें कोणतें, हें तेथें उघडपणें विचारावें व उत्तर दप्तरांत लिहवून घ्यावें.