जुन्या संयुक्त सुतारयंत्राची मांडणी

झाशी शहरातील प्रेम नगर ही वस्ती रेल्वेच्या परिसराला लागून आहे. येथील रेल्वे कारखान्याची सुरुवात १८९५ साली झाली आणि त्या काळी मालडब्यांच्या बांधणीत लाकडाचा वाटा मोठा असे. यंत्रांशी असा जुना परिचय असलेल्या वस्तीत एखाद्या सुताराने वापरलेले संयुक्त यंत्र विकत घ्यावे, यात नवल नाही. रंधा, जाडी काढण्याची सोय, गोल करवत आणि भोके पाडण्याचे साधन एकाच बैठकीवर मिळते. जागा वाचते, पैसाही वाचतो. मात्र नव्या यंत्राबरोबर येणारी अचूकता वापरलेल्या यंत्राबरोबर येतेच असे नाही. ती मालकाला स्वतः निर्माण करावी लागते.

लाकडावर रंधा मारणाऱ्या यंत्रांची एकस्वे सॅम्युएल बेंथॅम या इंग्रज अभियंत्याने १७९१ व १७९३ साली घेतली. अकुशल कैद्यांच्या हातूनही सुतारकाम व्हावे, असा त्याचा विचार होता. जुने यंत्र उभे करणाऱ्यास मात्र कसबाची गरज नव्याने पटते. झाशीतील हिंदी भाषक ज्याला ‘रंदा’ म्हणतो आणि मराठी भाषक ‘रंधा’, तो शब्द मूळचा फारसी. त्या हत्याराने हाताला लावलेली नजर येथेही उपयोगी पडते.

पहिला दोष बहुधा जमिनीत असतो. बिडाची बैठक भक्कम दिसली, तरी खडबडीत फरशीवर तिचे बोल्ट आवळले की ती किंचित पिळली जाते. रंध्याच्या पुढच्या व मागच्या टेबलांवर एकेक सरळ, समान उंचीची पट्टी आडवी ठेवावी आणि एका टोकाकडून नजर लावावी. दोन्ही पट्ट्यांच्या वरच्या कडा एकमेकींत मिळाल्या नाहीत, तर बोल्ट सैल करून उचललेल्या पायाखाली पातळ पत्रा सारावा. बोल्ट अधिक आवळून पीळ जात नाही, उलट वाढतो.

नंतर पाती. वीज पूर्णपणे तोडल्यावाचून त्यांना हात लावू नये. केवळ बटण बंद असणे पुरेसे नव्हे. लाकूड पात्यांवरून पुढे जाऊन ज्या टेबलावर टेकते, त्यावर सरळ पट्टी अशी ठेवावी की तिचे टोक पात्यांच्या वर यावे. आता पात्यांचा दंडगोल हाताने फिरवला की पाते पट्टीला स्पर्श करून तिला थोडे पुढे ओढते. हे ओढणे प्रत्येक पात्याच्या दोन्ही टोकांशी सारखेच, सुमारे ३ मिलिमीटर, झाले पाहिजे. टेबल पात्यांपेक्षा खाली राहिले, तर फळीच्या शेवटी खळगा पडतो. वर राहिले, तर फळीचे पुढचे टोक त्याच्या कडेला अडते. दोष यंत्रात आहे की सुताराच्या हातात, हे येथे फळीच सांगते. पात्यांच्या पाचरी मात्र थोड्या थोड्या, आळीपाळीने आवळाव्यात; सैल पाते वेगात सुटले तर जीवावर बेतते.

गतीचा हिशेबही करावा. मोटर मिनिटाला २,८८० फेरे घेत असेल, तिची कप्पी १५० मिलिमीटर आणि दंडगोलाची ९० मिलिमीटर असेल, तर दंडगोल ४,८०० फेरे घेतो. त्यावर दोन पाती असली, तर मिनिटाला ९,६०० काप. लाकूड मिनिटाला ६ मीटर सरकले, तर दोन कापांतील अंतर ०.६२५ मिलिमीटर पडते. म्हणूनच लाकूड घाईने ढकलले की पृष्ठभागावर लाटा दिसतात. अमेरिकेतील ६० हर्ट्झच्या विजेसाठी केलेली मोटर भारतातील ५० हर्ट्झवर सुमारे एक षष्ठांश मंद फिरते, हेही जुन्या यंत्राच्या खरेदीदाराने ध्यानात ठेवावे. तीन-फेज मोटर उलटी फिरली, तर कोणत्याही दोन तारांची अदलाबदल केल्याने ती सुलटी होते. हे काम परवानाधारक तंत्रज्ञाकडून करवावे.

यंत्र गुणगुणू लागले, तर पट्टा काढून मोटर एकटी चालवून पाहावी. आवाज राहिला तर दोष मोटरीत, थांबला तर बहुधा दंडगोलाच्या बेअरिंगांत किंवा पट्ट्यात.

काटकोन तपासण्याची युक्ती सोपी आहे. दोन फळ्यांची तीच बाजू उभ्या पट्टीला टेकवून कडा रंधाव्यात. नंतर पुस्तक उघडावे तशा त्या कडेला कड लावून ठेवाव्यात. पट्टी किंचित कललेली असेल, तर चूक दुप्पट होऊन दिसते. याच फळ्यांच्या मध्ये लांबीच्या दिशेने फट दिसली, तर दोन टेबले एका पातळीला समांतर नाहीत, असे समजावे.

करवतीच्या मागे उभे असणारे पोलादी पान अडचणीचे वाटून काढून टाकण्याची चाल पुष्कळ ठिकाणी आहे. ते पान चिरलेला भाग मिटून करवतीला आवळू देत नाही. ते नसले की लाकूड उलटून सुताराच्या पोटावर येऊ शकते. यंत्र घेताना ते पान व आवरण जागेवर नसेल, तर प्रथम तेच करवून घ्यावे, आणि ३० सेंटिमीटरपेक्षा आखूड तुकडा रंध्यावर हाताने मुळीच सारू नये.