अंमल कोणाचा?

पुण्याहून नाशिककडे जाणाऱ्या हमरस्त्यावर मोशीजवळ इंद्रायणी ओलांडून चिंबळी फाटा मागे टाकला, की खेड तालुक्यातील कुरुळी लागते. ज्या टापूची ओळख एके काळी चाकणच्या कांद्याच्या बाजाराने होत असे, तेथे आता नव्या मोटारी वाहून नेणारे लांबलचक ट्रेलर, सुट्या भागांचे टेम्पो आणि पाळी सुटलेल्या कामगारांच्या बसगाड्या यांची रांग मध्यरात्रीही तुटत नाही. आणि बारा-चौदा तास चाकामागे बसलेल्या इसमाला झोप परतवून लावण्यासाठी कोणी अफूच्या डोड्याची, कोणी गांजाची, तर कोणी ‘एमडी’ नावाच्या पांढऱ्या भुकटीची वाट दाखवावी, हे या रस्त्याला नवलाचे राहिलेले नाही. चाकणनजीकच्या शेलपिंपळगावात पिंपरी-चिंचवड पोलिसांनी २०२० च्या ऑक्टोबरात वीस किलो मेफेड्रोन, म्हणजे हीच भुकटी, पकडली होती.

आपल्या भाषेत ‘अंमल’ हा शब्द मोठा अर्थवाही आहे. राज्यसत्तेलाही आपण अंमल म्हणतो आणि कैफालाही. पेशव्यांचाही अंमल असतो आणि भांगेचाही असतो. आणि कुरुळी फाट्यावर हात दाखवून गाडी थांबवणारा पोलीससुद्धा सरकारी दप्तरात अंमलदारच असतो. अमली पदार्थ घेऊन वाहन चालवल्याचा आरोप जेव्हा एखाद्यावर येतो, तेव्हा त्याच्या बचावाचा सारा प्रश्न या एका शब्दात सामावलेला असतो: त्या घटकेला त्याच्या हातापायांवर अंमल कोणाचा होता, त्याचा स्वतःचा की त्या द्रव्याचा?

मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम १८५ मध्ये दोन निरनिराळे अपराध शेजारी शेजारी नांदतात, आणि सर्वसामान्य वाचक त्यांना एकच समजतो. मद्याच्या बाबतीत कायद्याने आकडा दिला आहे: शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळला, की चालक कितीही सफाईने गाडी हाकीत असला तरी तो अपराधी ठरतो. अमली पदार्थांच्या बाबतीत मात्र असा आकडाच नाही. वाहनावर योग्य ताबा ठेवण्यास तो इसम असमर्थ व्हावा, इतका त्या द्रव्याचा परिणाम त्याच्यावर झालेला असला पाहिजे, एवढेच कायदा म्हणतो. २०१९ च्या दुरुस्तीने ‘द्रव्य’ या संज्ञेत १९८५ च्या अमली पदार्थविषयक अधिनियमातील सर्व पदार्थ स्पष्टपणे आणले आणि शिक्षा वाढवली. पहिल्या अपराधाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, पुढच्याला दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा पंधरा हजार दंड किंवा दोन्ही. परंतु असमर्थतेची अट तिने काढली नाही. जागेवर पावती फाडून मिटणाऱ्या अपराधांच्या यादीत हे कलम नसल्यामुळे कुरुळीच्या चालकाला खेडला, म्हणजे राजगुरुनगरच्या न्यायालयात, उभे राहावेच लागते.

यामुळे फिर्यादी पक्षावर दोन गोष्टी सिद्ध करण्याचा भार येतो, एक द्रव्याची आणि दुसरी असमर्थतेची. आणि चांगला वकील दुसरीकडेच आधी पाहतो. गाडी नागमोडी चालली होती काय, सिग्नल मोडला होता काय, की केवळ नाकाबंदीत ती थांबवली गेली, हे पंचनाम्यात लिहिलेले असते किंवा लिहायचे राहून गेलेले असते, आणि हे राहून गेलेलेच पुष्कळदा बचावाच्या उपयोगी पडते. तांबारलेले डोळे, अडखळणारी वाणी, डळमळणारी चाल ही लक्षणे वैद्यकीय दाखल्यात हटकून भेटतात. परंतु सलग दोन पाळ्या केलेल्या आणि रात्रभर न निजलेल्या माणसात ती नसतील तरच आश्चर्य! महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली अशा लक्षणांवरून मद्यप्राशनाचा निष्कर्ष काढणे पुरेसे मानले नव्हते. रक्ताची तपासणी झालेली नाही, याला त्याने महत्त्व दिले होते. तो निवाडा मद्याविषयीचा खरा, पण त्यातील तर्क अमली पदार्थांनाही तितकाच लागू पडावा असा आहे.

चाचणीची वाटही वाटते तितकी सरळ नाही. रस्त्यावर तोंडाशी धरले जाणारे श्वासयंत्र केवळ मद्य ओळखते. गांजा ओढलेला मनुष्य त्यात निर्धास्त फुंकर मारू शकतो. मोटार वाहन अधिनियमातील रक्तचाचणीचे कलम २०४ तर श्वासयंत्राने मद्य दाखवले किंवा आरोपीने फुंकण्यास नकार दिला, अशाच प्रसंगांशी बांधलेले आहे. म्हणून अमली पदार्थाच्या संशयात पोलिसांना भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१ खाली वैद्यकीय अधिकाऱ्याकडून तपासणी करून घ्यावी लागते. कोणत्या अधिकाराने नमुना घेतला, हा प्रश्न त्यामुळे निव्वळ शब्दच्छल राहत नाही. कलम १८५ खाली अटक केलेल्या इसमाची दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी झाली नाही तर त्याला कोठडीतून सोडले पाहिजे, असे कलम २०२ सांगते. मात्र सुटला म्हणजे खटला संपला, असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. सुटतो तो देह, आरोप तेथेच राहतो. नमुना देण्यास सबळ कारणाविना नकार दिला तर तो नकारच न्यायालय विरुद्ध धरू शकते, हेही चालकाने ध्यानात ठेवलेले बरे.

आणि नमुना मिळाला तरी तो काय बोलतो? गांजाचे सक्रिय द्रव्य रक्तात काही तासांतच झपाट्याने उतरते. परंतु त्याचा निष्क्रिय अवशेष लघवीत कित्येक दिवस, आणि नित्य ओढणाऱ्याच्या बाबतीत कित्येक आठवडे सापडत राहतो. म्हणजे गावच्या जत्रेत चिलीम ओढून आठवड्याने कामावर रुजू झालेल्या चालकाची लघवी ‘होय’ म्हणू शकेल, पण ते ‘होय’ गेल्या आठवड्यातले असेल. पट्टीवर रंग पाहून केलेली प्राथमिक चाचणी निरुपद्रवी औषधांनाही कधी कधी चकते, म्हणून प्रयोगशाळेतील यांत्रिक पृथक्करणाचा अहवाल मागणे हा बचाव पक्षाचा पहिला आग्रह असावा. इंग्लंड आणि वेल्समध्ये २ मार्च २०१५ पासून एकेका द्रव्याची रक्तातील मर्यादाच ठरवून टाकली आहे, गांजाच्या सक्रिय द्रव्याची लिटरमागे दोन मायक्रोग्रॅम. वैद्याने दिलेले औषध सांगितल्याप्रमाणे घेतले होते, असा बचावही तेथे कायद्यातच लिहिलेला आहे. आपल्याकडे असा स्वतंत्र बचाव लिहिलेला नाही. झोपेसाठी किंवा भयगंडासाठी दिल्या जाणाऱ्या अल्प्राझोलामसारख्या गोळ्या त्याच अमली पदार्थविषयक कायद्याच्या यादीत आहेत, तेव्हा डॉक्टरची चिठ्ठी खिशात असणे उपयोगाचे असले तरी ती ढाल पूर्ण नव्हे. गाडीवर ताबा होता की नव्हता, याच प्रश्नाशी पुन्हा यावे लागते.

राहिला नमुन्याच्या प्रवासाचा भाग, आणि येथे थोडे थांबायला हवे. कुपी कोणी भरली, तिला मोहोर कोणी केली, ती गणेशखिंडीच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत कोणाच्या कपाटात राहिली, याची साखळी कागदावर अखंड दिसली पाहिजे. वकिलाने ती तपासली की लोक म्हणतात, ‘तांत्रिक मुद्द्यावर सोडवला’. मला हा आक्षेप नेहमीच उथळ वाटत आला आहे. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात मोटारीखाली दोन तरुण अभियंत्यांचे प्राण गेले, आणि मोटार चालवणाऱ्या अल्पवयीनाच्या रक्ताचा नमुना ससून रुग्णालयात बदलण्यात आला, असा आरोप पोलिसांनी ठेवला. त्या वेळी मोहोरेच्या आणि नोंदीच्या शुद्धतेसाठी साऱ्या शहराने आवाज उठवला होता. धनवानाच्या खटल्यात जी मोहोर मृतांच्या बाजूने उभी राहते, तीच मोहोर ट्रेलरच्या चालकाच्या खटल्यात त्याच्या बाजूने तपासली गेली तर त्यात गैर काय?

गाडीत माल सापडला तर प्रकरण निराळ्या कायद्यात शिरते, जामिनाचे नियमही कठोर होतात, आणि तो विषय येथे मावणारा नाही. नुसत्या कलम १८५ चा गुन्हा जामीनपात्र आहे. तरीही बहुतेक आरोपी पहिल्याच तारखेला ‘गुन्हा कबूल’ म्हणून दंड भरून मोकळे होतात, कारण प्रत्येक तारखेमागे एक दिवसाचा रोज बुडतो. त्या दोन शब्दांची किंमत पुढे कळते. दोषसिद्धी झाली की न्यायालयाला चालकास काही काळ परवाना धारण करण्यास अपात्र ठरवावेच लागते, पुढचा अपराध ‘दुसरा’ म्हणून मोजला जातो, आणि वाहतूक कंपनीच्या नोंदवहीत नावापुढे फुली पडते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ याच्या कलम १२ प्रमाणे औद्योगिक कामगाराला, तसेच कोठडीत असलेल्या कोणालाही, विनामूल्य वकील मिळण्याचा हक्क आहे. चाकणच्या पट्ट्यात असे कामगार हजारोंनी आहेत. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे करायचा असतो, आणि तोही कबुलीजबाबाच्या आधी.