दूर गेलेल्या पूर्वजांचा माग

आपल्या पणजोबांचे नाव तुम्हाला ठाऊक आहे काय? बहुतेकांना असेल. आणि खापरपणजोबांचे? इथे बरेच जण अडखळतील. पण अडखळले तरी आपले फारसे बिघडत नाही. घर इथेच आहे, शीव इथेच आहे, भावकी इथेच आहे. नाव विसरले तरी धागा तुटत नाही. ज्याचा पूर्वज समुद्र ओलांडून गेला त्याची गोष्ट निराळी. त्याच्या हाती एखादे नाव आणि एखादी तारीख उरते, आणि तेवढ्या आधारावर त्याला आपले गाव शोधून काढायचे असते.

मॉरिशस बेटावर अशी मराठी घरे पुष्कळ आहेत. १८३५ साली तिथली गुलामगिरी संपली. ऊसमळ्यांना मजूर हवे होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी कलकत्त्याहून ‘अ‍ॅटलस’ जहाजाने ३६ मजूर पोर्ट लुई बंदरात उतरले, आणि पुढे मद्रास व मुंबई बंदरांतूनही जहाजे निघू लागली. १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसे अशी गेली. मुंबईहून गेलेल्यांत कोकणातली, विशेषतः रत्नागिरीकडची मंडळी बरीच होती. ‘अ‍ॅग्रीमेंट’ या शब्दाचे लोकांनी ‘गिरमिट’ केले, आणि ते लिहून देणारा तो गिरमिटिया. ज्या धक्क्यावर ही माणसे उतरली, तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा मानला जातो.

या माणसांची नोंद झाली होती, ही त्यातली चांगली गोष्ट. प्रत्येकाला एक क्रमांक मिळे. नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, अंगावरची खूण, जिल्हा, गाव, जहाज आणि कोणत्या मळ्यावर पाठविले, हे रजिस्टरात लिहीत. १८६० नंतरच्या काळात छायाचित्रेही काढू लागले. हे दप्तर आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहे. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने मॉरिशसमधल्या भारतीय वंशाच्या लोकांना सातव्या पिढीपर्यंत ओ.सी.आय. कार्ड देण्याचे जाहीर केले. तेव्हा पूर्वजाची नोंद सापडणे हा आता नुसत्या हौसेचा मामला राहिलेला नाही.

मग अडचण कुठे येते? पहिली अडचण नावाची. कारकून साहेबी वळणाचा, सांगणारा कोकणी वळणाचा. सांगितले ‘सखाराम’, लिहिले ‘सकाराम’; सांगितले ‘विठू’, लिहिले ‘विटू’. आडनाव तर पुष्कळदा विचारलेच नाही. पुढे त्या माणसाचे पाळण्यातले नावच मुलानातवंडांचे आडनाव होऊन बसले. आज ज्याचे आडनाव सखाराम किंवा बाबाजी आहे, त्याच्या मूळ घराचे आडनाव काही वेगळेच असणार. म्हणून नाव डोळ्यांनी वाचू नये, तोंडाने उच्चारून पाहावे. ते कानाला कसे लागते त्यावरून मूळ नाव कळते.

दुसरी अडचण गावाची. आपलेच उदाहरण घ्या. बाहेर गेलेल्या माणसाने नुसते ‘देवगाव’ सांगितले, तर ते आपले देवगाव रंगारी की नाशिक जिल्ह्यातल्या निफाडकडचे देवगाव? एका शब्दाने सारा शोध भलतीकडे जाईल. शिवाय गाव हलत नाही, पण जिल्हा हलतो. जुन्या कागदावर ‘रत्नागिरी’ असेल तर गाव आजच्या सिंधुदुर्गातही असू शकते, कारण सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली निराळा झाला. ‘औरंगाबाद’ असेल तर जालन्याकडचे गावही त्यात येते. जालनाही १९८१ सालीच वेगळा झाला. आधी त्या काळची हद्द पाहावी, मग गाव शोधावे.

तिसरी अडचण वयाची. ज्याला जन्मतारीख ठाऊक नाही, त्याचे वय कारकून अंदाजाने लिही. यात नवल काही नाही. आपल्या शाळांच्या रजिस्टरात १ जूनला जन्मलेली किती मुले आहेत ते शिक्षकांना विचारा! ती तारीख बहुतेक वेळा आईची नसते, गुरुजींची असते. म्हणून कागदावरच्या वयात पाचेक वर्षे इकडेतिकडे धरूनच चालावे.

चौथी अडचण सर्वांत कठीण, ती म्हणजे कागदच नसणे. याबाबतीत आयर्लंडचे उदाहरण बोलके आहे. १८४५ च्या सुमारास तिथे बटाट्याचे पीक सडले, मोठा दुष्काळ पडला, आणि लाखो लोक अमेरिकेकडे निघून गेले. त्यांच्या वंशजांना आधार व्हावा असे जुन्या शिरगणतीचे कागद डब्लिनच्या दप्तरखान्यात होते. १९२२ च्या यादवीत त्या दप्तरखान्याला आग लागली आणि ते जवळजवळ सगळे जळाले. आणखी काही शिरगणत्यांचे कागद तर आगीच्या आधीच सरकारनेच नष्ट केले होते. मग लोकांनी काय केले? त्यांनी जमिनीचे कागद धरले. १८४७ ते १८६४ या काळात घराघराची व शेताशेताची आकारणी झाली होती, तिच्यात कबजेदारांची नावे होती. शिरगणती गेली, पण कराची यादी राहिली. सरकार माणसाला विसरेल, सारा विसरत नाही!

आपल्याकडेही हीच युक्ती चालते. गेलेल्या माणसाचे नाव गावच्या कागदात मिळत नाही, कारण तो गेला. पण त्याचा भाऊ मागे राहिला. फेरफाराच्या वहीत वारसांची नोंद होते तेव्हा मागे राहिलेल्यांची नावे येतात. बापाचे नाव तेच, गाव तेच, काळ जुळता, तर धागा हाती लागला म्हणावे. याशिवाय नाशिक, त्र्यंबकेश्वर, पैठण येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत. यात्रेला गेलेल्या माणसाने आपल्या वाडवडिलांची नावे तिथे सांगितलेली असतात. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी लोक घराण्यांच्या पिढ्या सांगतात. मराठवाड्यात जुने कागद मोडीत किंवा उर्दूत, आणि साल फसली. निजामी फसली सालात ५९० मिळवा, शकात ७८ मिळवा, म्हणजे इसवी सन येईल. एखाद्या वर्षाचा फरक पडेल तेवढा धरावा.

मात्र एक नियम पक्का ठेवा. एका खुणेवर नाते जोडू नये. नाव जुळले, एवढ्याने काही होत नाही. एका गावात एका नावाची चार माणसे असतात. नाव, बापाचे नाव, गाव, काळ यांपैकी निदान तीन जुळावीत, आणि चौथे उघड विरोधात जाऊ नये. जिथे पुरावा नाही तिथे जागा मोकळी ठेवावी. मोकळी जागा उद्या कुणी भरील. चुकीचे नाव मात्र पिढ्यान्‌पिढ्या बरोबर म्हणून चालते.

आता तुम्ही म्हणाल, मॉरिशसची ही गोष्ट आम्हाला कशाला? सांगतो. दर वर्षी दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. बैलगाडीत, ट्रकमध्ये संसार घालून माणसे कारखान्यावर जातात. तिथे मुले जन्मतात. बोट नाही, समुद्र नाही, पण ऊस तोच आणि दूरदेशही तोच. कायद्याप्रमाणे जन्माची नोंद जिथे मूल जन्मले तिथे होते, राहत्या गावी नाही. कोपीत जन्मलेल्या बाळाची नोंद तिथल्या ग्रामपंचायतीत २१ दिवसांच्या आत केली नाही, तर परत गावी आल्यावर ती आपोआप होत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पुढे सर्वत्र जन्मदाखला हाच मुख्य पुरावा आहे. तेव्हा मुकादमाचा हिशेब चुकता करण्याआधी बाळाचा दाखला हाती घ्यावा, हे घरोघरी सांगायला हवे.

आणि शिक्षकबंधूंनो, तुमच्या कपाटातले जनरल रजिस्टर उघडून पहा. मुलाचे नाव, आईचे नाव, जन्मगाव, आधीची शाळा, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण, सारे त्यात आहे. गाव सोडून गेलेल्या कितीतरी घरांचा तो शेवटचा कागद असतो. त्याला वाळवी लागू देऊ नका. कडुनिंबाचा पाला घाला, कोरड्या जागी ठेवा, जमल्यास पानापानाचे छायाचित्र मोबाईलवर काढून ठेवा. ‘कारण’ या रकान्यात नुसते ‘परगावी गेला’ असे न लिहिता कुठल्या गावी गेला तेही लिहा. शंभर वर्षांनी कुणी आपला माग काढीत या देवगावात आला, तर ते एक गावाचे नाव त्याला पुरेल.