कान्हेरीची पोढी

बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान म्हटले की लोकांना बिबट्या आणि सफारी आठवते. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे हे जंगल. उत्तरेला वसईची खाडी, बाकी सगळीकडून मुंबई-ठाण्याची वस्ती. तुळशी आणि विहार हे तलाव याच डोंगरांच्या पाण्यावर भरतात. याच जंगलात शंभरावर बौद्ध लेणी आहेत. पण त्यांची ओळख सहलीचे ठिकाण म्हणूनच करून दिली जाते.

तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहातील उंच बुद्धमूर्ती भव्य आहेतच. पण भिक्खूसंघाची दूरदृष्टी पाहायची तर ती लेण्यांच्या दारातील पाण्याच्या टाक्यात! शिलालेखांत त्याला ‘पोढी’ म्हटले आहे. कातळात कोरलेल्या पन्हळींतून डोंगरावरचे पावसाचे पाणी पोढीत उतरे आणि पुढचे कोरडे महिने भागत. ही लेणी नि पोढ्या दान देणारे होते सोपारा-कल्याणचे व्यापारी, सोनार, लोहार, उपासिका आणि भिक्खुणीसुद्धा. ब्राह्मी लेखांत राजांपेक्षा याच लोकांची नावे अधिक आहेत.

आज पोढीत वेफर्सची पाकिटे टाकली जातात. भिंतीवर कुणी बदाम कोरून आपले आणि प्रेयसीचे नाव लिहितो. कल्याणच्या लोहारानेही इथे नाव कोरवले, पण दान दिल्यावर. या महाशयांनी काय दिले?

आणखी एक गोष्ट आम्हाला बोचते. १९९७ साली उच्च न्यायालयाने उद्यानातील अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला आणि कष्टकऱ्यांच्या हजारो झोपड्या पडल्या. पिढ्यानपिढ्या तिथेच राहणाऱ्या वारली आदिवासींच्या पाड्यांवरही टांगती तलवार आली. पाणी-विजेसाठी त्यांना झगडावे लागले. ज्या डोंगरावर सोनाराच्या दानाने पाण्याची सोय झाली, तिथेच आदिवासी मायबहिणींनी हंड्यासाठी वणवण करावी? जंगल राखायचे तर त्यात राहणाऱ्या माणसांना धरूनच राखले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

बुद्धपौर्णिमेला अनेक उपासक-उपासिका सहकुटुंब कान्हेरीला जातात. वंदना झाल्यावर मुलांना एक तरी पोढी दाखवा, पन्हळ कुठून येते ते त्यांनाच शोधू द्या. घरून आणलेल्या डब्याचा कचरा घरीच परत न्या. प्रत्येक शिलालेखाचा अर्थ मराठीत सांगणारा फलक लेण्याशेजारी हवा, ही मागणी पुरातत्त्व खात्याकडे आपल्या विहारांनी लेखी करावी. सह्या गोळा करायला महिला मंडळे आहेतच.