नांगरटीतली चार अंडी

टिटवी घरटे बांधते म्हणायचे, पण बांधण्यासारखे त्यात फारसे काही नसते. उघड्या माळावर किंवा नांगरलेल्या रानात छाती टेकवून ती गोल फिरते, उथळ खळगा करते आणि कडेने खडे, ढेकळांचे तुकडे, शेळीच्या वाळक्या लेंड्या ओढून घेते. अंडी बहुधा चार. मातकट रंग आणि त्यावर काळपट डाग असल्याने दोन हातांवरून माणूस निघून जातो आणि ती त्याला दिसत नाहीत. पंचतंत्रातल्या टिटवीची अंडी समुद्राने नेली, तीही अशी उघड्या किनाऱ्यावरच होती. ती कथा रचणाऱ्याने हा पक्षी नीट पाहिलेला असणार.

विणीचा हंगाम साधारण मार्च ते ऑगस्ट, म्हणजे त्यातला मोठा भाग भर उन्हाळ्यात येतो. मे महिन्याच्या दुपारी उघड्या जमिनीचा पृष्ठभाग ५० अंशांच्याही वर तापतो आणि अंड्यातल्या जिवाला हवे असतात ३७-३८ अंश. थोडा वेळ गारठा झाला तर तो तगतो, जास्तीची उष्णता मात्र त्याला लवकर मारते. म्हणून दुपारी टिटवी अंड्यांवर बसण्याऐवजी पाय ताठ करून उभी राहते आणि त्यांच्यावर आपली सावली धरते. जवळ पाणी असेल तर त्यात पोट भिजवून परतते आणि ओल्या पिसांनी अंडी गार करते. नर आणि मादी दोघे आळीपाळीने हे काम करतात. दोघे दिसायला सारखेच, त्यामुळे पाळी कोणाची हे पाहणाऱ्याला सहसा सांगता येत नाही.

हे सारे पाहायचे असेल तर लांब बसावे लागते. बांधावरच्या झाडाखाली दुर्बीण घेऊन बसा आणि हालचाल करू नका. परतणारी टिटवी थेट खळग्यावर उतरत नाही. दूर कुठेतरी उतरते, चार पावले चालते, थांबते, पुन्हा चालते आणि मग एकाएकी खाली बसते. तीच घरट्याची जागा. तुम्ही जवळ गेलात तर मात्र ती उठून डोक्यावर घिरट्या घालते, ‘टिटिव् टिटिव्’ करत झेपावते. कुत्रा आला तर पंख मोडल्याचे सोंग करून त्याला भलतीकडे नेते. तेवढा वेळ अंडी उन्हात उघडी पडलेली असतात आणि टिटवी कुठून उठली, हे कावळ्यानेही पाहिलेले असते. जवळून फोटो काढण्याच्या हौसेपायी कितीतरी विणी अशा वाया जातात, याचे मला फार वाईट वाटते.

टिटवीने उंचावर अंडी घातली की पाऊस चांगला, आणि चार अंडी म्हणजे चार महिने पाऊस, असा अंदाज खेड्यांत बांधतात. अंडी चार असतात हे निरीक्षण खरे आहे, कारण मात्र वेगळे. तिच्या जवळच्या नात्यातले कितीतरी पाणकाठचे पक्षी जगभर चारच अंडी घालतात, दुष्काळातही. अंडी एका बाजूला निमुळती असतात. टोके आत वळवून ठेवली की चारही अंगाखाली नीट मावतात.

२८ ते ३० दिवसांनी पिल्ले बाहेर येतात आणि अंग वाळले की थोड्याच वेळात खळगा सोडतात. किडे ती स्वतःच टिपतात. आईबाप फक्त राखण करतात. धोक्याची हाक आली की पिल्लू जागच्या जागी जमिनीला चिकटते आणि ढेकळांत हरवते. अशा वेळी तुमचे पुढचे पाऊल त्याच्यावर पडू शकते, म्हणून आल्या वाटेनेच मागे फिरावे.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानपक्ष्यांच्या अंड्यांना इजा करणे किंवा घरट्याला त्रास देणे यालाही शिकारच मानले आहे. पण कायद्यापेक्षा ट्रॅक्टरवर बसलेल्या माणसाची नजर जास्त कामाची. उन्हाळी नांगरटीत एखादी टिटवी पुन्हा पुन्हा एकाच जागेवरून उठून ओरडत असेल तर जरा थांबून पाहा. खळगा सापडला तर भोवतालची दोन-तीन हात जमीन महिनाभर तशीच सोडा. तिथे काठी किंवा झेंडी मात्र रोवू नका, कावळे अशा खुणा शिकू शकतात. बांधावरच्या झाडावरून जागा लक्षात ठेवा आणि शेतात येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगून ठेवा.