दुसऱ्या देशाची पाटी

२४ ऑक्टोबर २०२५ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाला ८० वर्षं झाली. त्या सुमारास पुण्यातल्या एका महाविद्यालयाच्या ‘मॉडेल यूएन’ला, म्हणजे विद्यार्थी एकेका देशाचे प्रतिनिधी होऊन भरवतात त्या लुटुपुटूच्या संयुक्त राष्ट्रसंघाला, मला बोलावलं होतं. सुरक्षा परिषदेच्या दालनात गेलो तर टेबलांवर चौदाच पाट्या. पाकिस्तानची मांडलीच नव्हती. खऱ्या परिषदेत तो देश २०२५-२६ साठी निवडून आलेला सदस्य आहे. आयोजक मुलगा म्हणाला, “सर, कोणी घ्यायलाच तयार नाही. मागच्या वेळी एकाच्या वडिलांनी थेट प्राचार्यांना फोन केला होता. मग म्हटलं, कशाला वाद?” मुलाला काय बोलणार? पण जे शिकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, त्याचा गाभाच कोणीतरी काढून टाकलाय, हे तिथे उभ्या उभ्या कळलं.

हा उपक्रम संयुक्त राष्ट्रसंघाहून जुना आहे. १९२०च्या दशकात अमेरिकेतले विद्यार्थी राष्ट्रसंघाच्या, म्हणजे ‘लीग ऑफ नेशन्स’च्या, लुटुपुटूच्या बैठका भरवत. पुढे हार्वर्ड आणि हेग इथल्या परिषदा नावारूपाला आल्या. आपल्याकडे तो आधी मोठ्या शहरांतल्या महागड्या इंग्रजी शाळांमध्ये रुजला. त्या काळात मला रस नाही. तिथली मुलं आधीपासूनच सफाईदार होती, त्यांना शिकवण्यासारखं फारसं उरलं नव्हतं.

मला बोलायचंय ते साधारण २००८ ते २०१८ या काळाबद्दल. आमच्या कला शाखेतली बहुतेक मुलं मराठी माध्यमातून आलेली. शनिवारी दुपारी ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत आम्ही बसायचो. देश चिठ्ठ्या टाकून मिळायचा, बदलून मिळायचा नाही. पहिले दोन आठवडे भाषण करायचं नाही. त्या देशाचे शेजारी कोण, तो विकतो काय, कर्ज कोणाचं, तेल कुठून येतं, हे शोधायचं. मग संयुक्त राष्ट्रसंघाच्या संकेतस्थळावरून बैठकांची शब्दशः इतिवृत्तं काढून वाचायची. स्वतःचं मत या खोलीत आणायचं नाही, हा एकच कडक नियम.

माण तालुक्यातल्या एका मुलीला तुवालूची चिठ्ठी आली. टँकरच्या पाण्यावर वाढलेली ही मुलगी समुद्रात बुडू पाहणाऱ्या देशाची प्रतिनिधी झाली. लोकसंख्या दहा-अकरा हजार, सगळ्यात उंच जागा समुद्रसपाटीपासून पाच मीटरच्याही आत. डिसेंबर २००९ मध्ये कोपनहेगनच्या हवामान परिषदेत तुवालूनं कायद्यानं बांधील असणाऱ्या कराराचा आग्रह धरला आणि मोठ्या विकसनशील देशांनी त्याला विरोध केला. त्यात भारतही होता. “म्हणजे मला आपल्याच विरुद्ध बोलायचंय?” तिनं विचारलं. मग ती बोलली. अडखळत, पण एकही मुद्दा न सोडता. भारताची बाजू वर्गात सगळ्यात चांगली कोण समजावतं, असं पुढे कोणी विचारलं असतं तर मी तिचंच नाव घेतलं असतं. समोरच्या खुर्चीतून तिनं ती बाजू नीट पाहिली होती.

लिबियात लष्करी कारवाईला मुभा देणारा सुरक्षा परिषदेचा मार्च २०११ मधला ठराव, क्रमांक १९७३, आम्ही महिनाभर घोळवला. दहा मतं बाजूनं. ब्राझील, चीन, जर्मनी, रशिया आणि भारत तटस्थ. ज्याला जर्मनी मिळाली होती, त्यानं मित्रराष्ट्रांबरोबर मत देणारं निवेदन आधीच लिहून आणलं होतं. इतिवृत्त वाचल्यावर फाडून टाकलं आणि नव्यानं लिहिलं. भारताच्या निवेदनात मुलांना कारण सापडलं: महासचिवांच्या दूताचा अहवाल परिषदेपुढे आलेलाच नव्हता. तटस्थ राहणं म्हणजे अंग काढून घेणं नव्हे, हे त्या दिवशी मला वेगळं शिकवावं लागलं नाही.

तेव्हाचे काही सहकारी म्हणायचे, “ही मुलं इंग्रजीत चार वाक्यं धड बोलत नाहीत, त्यांना कशाला नेता?” त्यांना आज उत्तर देतो. परिषद मसुद्यावर चालते, आणि मसुदे आमची मुलं लिहायची. भाषण संपलं की ‘अनमॉड’मध्ये, म्हणजे सगळे उठून कोपऱ्याकोपऱ्यात बोलत असताना, कोणाला कुठलं कलम पटेल आणि कोण कशावर अडेल, हे त्यांनी आधीच ताडलेलं असायचं. एका परिषदेत मंजूर झालेल्या ठरावाची बहुतेक कलमं आमच्या मुलीच्या हातची होती. ‘बेस्ट डेलिगेट’ ठरला तो खाली सही करून मोठ्यानं बोलणारा मुलगा. अध्यक्षांनी मसुदा उलटूनही पाहिला नव्हता. हा अन्याय मी विसरलेलो नाही.

त्याच वृत्तीनं पुढे सगळं गिळलं. परिषदा वाढल्या, नोंदणी शुल्क वाढलं, रोख बक्षिसं आली. सुरक्षा परिषदेपेक्षा ‘सर्वपक्षीय बैठकी’ला, म्हणजे आपल्याच राजकीय पक्षांच्या लुटुपुटूच्या चर्चेला, गर्दी होऊ लागली, कारण तिथे वाहिन्यांवरच्या चर्चेसारखं ओरडता येतं. आता भूमिकापत्र कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून आणतात. पुण्यात त्या दिवशी हाती आलेल्या पत्रांत नॉर्वे आणि नायजेरिया एकाच आवाजात बोलत होते.

मुलं विचारतात, नकाराधिकारापुढे या सगळ्याचा उपयोग काय? प्रश्न रास्त आहे. पण ज्यानं कार्यपद्धती वाचलीय, त्याला पुढचंही माहीत असतं. २५ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियानं युक्रेनवरचा ठराव अडवला. दोनच दिवसांनी परिषदेनं आमसभेचं तातडीचं अधिवेशन बोलावलं, कारण कार्यपद्धतीच्या प्रश्नावर नकाराधिकार चालत नाही. २ मार्चला आमसभेत १४१ देशांनी रशियाविरुद्ध मत दिलं. युद्ध थांबलं नाही. तरी कोण कुठे उभं होतं आणि का, हे नोंदलं गेलं. आपल्या मुलांना ते वाचता यायला हवं.

आमचा शनिवारचा गट बंद पडला. दोन दिवसांची कार्यशाळा घेणारी बाहेरची मंडळी महाविद्यालयाला सोयीची वाटली. पण इतिवृत्तं, मतदानाच्या नोंदी, ठराव, सगळं आजही फुकट उघडं आहे. तालुक्याच्या महाविद्यालयांत राज्यशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे: येत्या सत्रात पंधरा मुलं जमवा, चिठ्ठ्या टाका आणि पहिले दोन आठवडे कोणालाही भाषण करू देऊ नका.