कानाजवळचा काळा पडदा

नवरात्रात ठाण्याच्या टेंभी नाक्यावर देवीच्या दर्शनाच्या रांगेत, घामेजल्या गालाशी धरलेला फोन बोलणे संपल्यावर दूर केला तरी पडदा काळाच राहावा आणि संभाषण तोडण्याचे बटणही दिसू नये, हा अनुभव पुष्कळांस येतो. बहुतेक फोनांत कानाच्या जाळीलगत एक सूक्ष्म दीप अदृश्य अवरक्त किरण सोडतो. गालावरून परावर्तित झालेले ते किरण शेजारच्या संवेदकावर पडताच पडदा मालवण्याचा हुकूम सुटतो. परंतु घामाच्या थरावरून वा संरक्षक काचेवरूनच किरण परतले, तर गालाच्या अभावीही तोच हुकूम कायम राहतो. माझा पहिला संशय त्या काचेवर. म्हणून दुरुस्तीच्या दुकानात सुटा भाग बदलण्यास संमती देण्यापूर्वी जाळी कोरड्या मऊ फडक्याने पुसा, काच काढा आणि एकदा फोन लावून पाहा.